पिठावरचं पाऊल

मुलगी झाली, पण तनुजाचं रक्त थांबेना. तिचा नवरा सुदर्शन धावतपळत लातूरच्या रक्तपेढीतून पिशवी घेऊन आला. पिशवी बर्फागत गार होती. दवाखान्याच्या दाराशीच त्याचा बाप शेषेराव आडवा आला. "आपल्या पंथात परकं रगत चालत न्हाई. सुनेच्या गळ्यातली पंथाची माळ बाटंल." बापाच्या होकाराची वाट बघत सुदर्शन पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. पिशवी हळूहळू कोमट झाली आणि आत तनुजा गार पडली. रिवाजाप्रमाणे घरात दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकली. जीव कुठल्या जन्माला गेला, हे पिठावरच्या पावलांवरून कळतं म्हणतात. सकाळी शेषेरावने टोपली उचलली. दिवा केव्हाच विझला होता. पिठात पाखराचं पाऊल नव्हतं; पिशवीएवढा चौकोनी ठसा, त्याला नळीची रेघ. "उंदीर फिरला असंल," बाप पुटपुटला. सुदर्शनने ठशावर तळहात टेकला. पीठ कोमट होतं.