कंदिलावरचं मत

"मास्तर, माझा शिक्का कंदिलावर मारा हं," अंध अडोंगो आजी कुजबुजली. देशात पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होत होती आणि शाळेतल्या मतदान केंद्रावर ओकेलो मास्तर अधिकारी होते.

आजीचा मुलगा जनरलच्या तुरुंगात मेला होता. आता तोच जनरल सिंह चिन्हावर उभा होता आणि त्याचा सैनिक खिडकीतून डोकावत होता. मास्तर कचरले. त्यांनी शिक्का सिंहावर मारला.

"कंदीलच ना?"

"हो, आजी."

तिनं कागद ओठांना लावला आणि पेटीत टाकला.

जनरल निवडून आला. मास्तर आजीला तोंड दाखवेनात, तेव्हा तीच काठी टेकत शाळेत आली.

"मनाला लावून घेऊ नका, मास्तर," त्यांच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "आपण दोघांनी तरी न घाबरता मत दिलं."