डावीकडून तिसरी
त्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘मावशी सांगते, दवाखान्याच्या जुन्या फोटोत डावीकडून तिसरी माझी आई. मी तिला पाहिलेलंच नाही. तेवढाच चेहरा पाठवाल?’ पण ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या त्या फोटोत तिथे मिशीवाला कंपाउंडर उभा होता! हे कोणत्या तोंडाने कळवायचं? ग्रंथालयाच्या सर्व्हरकडे वेबपत्त्यात आकडे लिहून फोटोचा हवा तो तुकडा, हवा तेवढा मोठा मागता येई. आज चैन पडेना म्हणून त्यांनी कंपाउंडरमागची पाटी मोठी करून मागवली. अक्षरं उलटी! “अहो, फोटोच उलटा चढवलाय! कोण हा शहाणा?” मागून डोकावत बायकोने विचारलं. “मीच. निवृत्तीच्या आदल्या दिवशी.” त्यांनी फोटो आरशासारखा उलटवून मागितला. तिसऱ्या जागी आता एक तरुण नर्स हसत होती. तिचा चेहरा छापून, सोबत ‘चूक माझी’ लिहून त्यांनी पाकीट स्वतः टपालाच्या पेटीत टाकलं.