डब्यातली कवळी

त्या म्हाताऱ्याला एकही दात नव्हता, आणि तरीही तो निदान पाच वर्षं जगला होता. मग मेला. त्यालाही आता चाळीस हजार वर्षं झाली होती.

संग्रहालयातल्या संशोधक बाईंनी कवटीच्या जबड्यावर भिंग धरलं. दातांच्या खाचा हाडाने बुजल्या होत्या. म्हणजे दात गेल्यावरही पोटाला मिळत होतं. कोणीतरी चावून भरवत होतं.

"इस्टेट असेल," फोटोग्राफर म्हणाला. "दोन-तीन गुहा वगैरे."

"पाणी कुठे मिळतं ते त्याला ठाऊक असणार," बाई म्हणाल्या. "टोळी कोणाला फुकट पोसत नाही. निष्ठा सुरू झाली ती उपयोगातून."

बाईंचे वडील आता कुठल्याच उपयोगाचे नव्हते. लेकीलाही ओळखत नव्हते. पाच वाजता वृद्धाश्रमाची गाडी यायची होती. बॅग भरून घराच्या दाराशी ठेवली होती.

जेवायला बाईंनी डबा उघडला. सँडविचवर बाबांची कवळी बसली होती. हसत. या आठवड्यातली चौथी वेळ. डबा कुठेही लपवा, सकाळी बाबा तो शोधून काढायचेच.

"बाई, हा नमुना कुठल्या काळातला?" फोटोग्राफरने विचारलं.

बाई हसल्या नाहीत. शेजारीण रोज सांगायची, बाबा दुपारी घासही खात नाहीत. खातील कसे? ताट तिथे, दात इथे. आश्रमाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात बाईंनी हेच तर लिहिलं होतं. कवटीच्या डोळ्यांच्या खोबण्या मात्र दुपारभर त्यांच्या पाठीवर खिळून राहिल्या.

पाचला त्या घरी पोचल्या, तेव्हा गाडी दारात उभी होती. बाबा बॅगेवर बसले होते. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं झालेलं. हुबेहूब चाळीस हजार वर्षांचे.

बाईंनी निमूटपणे बॅग उचलायला हवी होती. त्यांनी कवळी पुढे धरून प्रश्न विचारला, आणि गाडी रिकामी परत गेली.

"बाबा, ही माझ्या डब्यात का ठेवता हो?"

बाबांनी परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग कवळी तिच्या मुठीत घट्ट मिटली.

"परत ठेवा ती डब्यात, ताई. आमची छकुली दिवसभर बाहेर असते. अजून एक दात आला नाही तिला. चावेल कशाने?"