तांबडीच्या पोटातली तार

मधून

“पोटातल्या लोखंडानं तर मरून राहिली गाय, आन तुमी अजून लोखंड घालून राहिल्या?”

मसाजीनं तांबडीचा जबडा सोडला नाही, पण नजर डॉक्टरीणबाईंच्या हातावर रोखली. हातात बोटाएवढी, गुळगुळीत टोकांची काळी कांडी होती.

“नुसतं लोखंड नाही मामा, चुंबक आहे,” देवश्री म्हणाली. जनावरांची डॉक्टर म्हणून कुरुंद्यात येऊन तिला तीनच महिने झाले होते. “तार टोचत टोचत काळजाकडे सरकते आहे. पोटात वासरू, ते तिला आणखी पुढं रेटतंय. चुंबकानं तार धरून ठेवली, तर दोघं वाचतील.”

“आन न्हाई धरली तर?”

देवश्रीनं कांडी पुसली आणि पुन्हा पुसली.

आधी

तार मसाजीचीच. गावात पाण्याची टाकी बांधली, तेव्हा उरलेल्या तारेचं भेंडोळं त्यानं घरी आणलं. चाळीस वर्षं कडब्याच्या पेंढ्या अंबाडीच्या दोरीनं बांधल्या, यंदा तारेनं. दोरी वळायचा कंटाळा, दुसरं काय! पेंढी कडबा बारीक करायच्या कुट्टीच्या यंत्रात गेली, बांधलेली तारही गेली, तुकडा होऊन चाऱ्यात आली. गाय आधी गिळते, मग निवांत चघळत बसते.

पुन्हा मधून

कांडी जिभेच्या मुळाशी गेली. तांबडीनं मान हलवली, गिळली.

“बराबर तारेपाशीच जाईल कशावरून?” मसाजीनं विचारलं.

“तार बांधताना इचारलं व्हतं का कोनाला?” दावणीपाशी उभी असलेली त्याची बायको, पंचफुलाबाई, म्हणाली. “आता म्याडमला सतरा सवाल.”

“विचारू द्या मामी. कांडी जड आहे, जमीन तिला खाली ओढेल. पोटात खाली एक पिशवी असते, त्यात पडेल. तारही तिथंच पडलीय.”

“मंजे वढायचं काम जमिनीचंच. मंग चुंबक काहून?”

“जमीन सगळ्यांना ओढते. गाय, दगड, पीस, तुम्ही, मी. चुंबक लोखंडासारखं आपलं कुणी दिसलं तरच ओढतं. आणि दोन चुंबकं समोरासमोर आली, की कधी कधी एकमेकांना ढकलतात. जमिनीनं आजवर कुणाला ढकललं नाही.”

मसाजीनं जरा विचार केला. “जमीन मायवानी. आन हे भावकीवानी.”

देवश्री हसली. पंचफुलाबाईही हसली, पण लगेच तांबडीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

“आता हिचे पुढचे पाय वीतभर उंचावर राहतील असं हिला उभी करा. पोटाचा भार मागं येईल, तार काळजापासून लांब राहील. चुंबक एकीकडून, जमीन एकीकडून.” देवश्रीनं सुई टोचली, औषध लिहून दिलं.

“इतकं ठावं तुमाला, तर एक सांगा,” मसाजी म्हणाला. “तांबडीची माय मोरी. मोरीची चांदी. चांदीची पवळी, ती माज्या बायकोच्या माहेराहून तिच्यामागं चालत आली. पवळीच्या मागचं मला ठावं न्हाई. पहिली गाय आली कुठून?”

“गायीच्या आधी दुसरंच काही होतं. त्याच्या आधी आणखी काही. मागं मागं गेलं, तर सगळं जग एका टिंबाएवढं होतं म्हणतात.”

“आन टिंबाच्या आधी?”

“तिथं आम्हीही अडतो, मामा. कुणी म्हणतं, काळच तिथून सुरू झाला. कुणी म्हणतं, आधीही काही होतंच.” तिनं विचारलं, “हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षं झाली. त्याच्या आधी कुठं होता?”

“हितंच व्हता की. नाव नव्हतं.”

देवश्री पिशवी आवरू लागली. मग पिशवीतून तिनं एक छोटं होकायंत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं. “हे हिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागं धरायचं. सुई पोटाकडे वळली, की समजायचं कांडी जागेवर आहे. गाय व्याली की परत द्या.”

पुढं

घरासमोरचा आपला बसायचा ओटा मसाजीनं फोडला आणि त्याच दगडमातीचा चढ गोठ्यात केला. तांबडी त्यावर पुढचे पाय ठेवून उभी राहिली, जशी काही कुठं वर निघाली आहे.

पहिले दोन दिवस तिनं घासाला तोंड लावलं नाही. होकायंत्राची सुई मात्र रोज पोटाकडे वळायची. मसाजी बसायला जागा नाही म्हणून तिच्यापाशीच जमिनीवर बसायचा, अंबाडीची दोरी वळत. तिसऱ्या दिवशी तांबडीनं मान खाली घातली आणि त्याच्या मांडीवरची अंबाडी ओढली.

“अगं, ती न्हाई!” तो ओरडला. मग तसाच उठून हिरवं गवत आणायला पळाला.

सुरुवात

सोळाव्या दिवशी, ऊन दारात आलं तेव्हा, कालवड जमिनीवर पडली. तांबडी तिला चाटत सुटली.

चाटणं झाल्यावर मसाजीनं कालवडीला उचलून अंगणात नेलं आणि होकायंत्र तिच्या डाव्या कोपरामागं धरलं. सुई जरा डोलली. मग कालवडीकडे न बघता ती गुमान हिंगोलीकडे तोंड करून बसली, उत्तरेला.

“काई न्हाई आत,” तो म्हणाला. “साफ हाय.”

कालवडीनं मागचे पाय सावरले आणि पडली. पुन्हा सावरले, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा चारी पाय फाकवून उभी राहिली, आणि राहिलीच.

“नाव काय ठेवायचं?” पंचफुलाबाईनं विचारलं.

“पहिली.”

“पहिली? मंग पवळी, चांदी, मोरी, तांबडी? ह्या चौघी कोन?”

मसाजीनं नवी दोरी कालवडीच्या गळ्यात सैल बांधली.

“त्याबी पहिल्याच व्हत्या.”