घरचं माणूस

"ताई, तुम्ही तर घरच्याच," अण्णा म्हणाले आणि गिऱ्हाइकानं आणलेला पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला. "घरच्या माणसानं पगाराचं बोलायचं असतं होय?"

अण्णांची ट्रॅक्टरची दोन शोरूम आहेत. विट्याचं मी सांभाळते, तासगावचं लेंगरे सांभाळतात. हुद्दा एकच, मॅनेजर. विक्री माझी जास्त. पगार मात्र लेंगऱ्यांना माझ्या दीडपट, कारण लेंगरे परके. मी मानलेली बहीण. दर भाऊबीजेला अण्णा मला साडी देतात.

मी पेढा घेतला. "खरंय अण्णा. बहिणीनं पगार कशाला मागायचा? बहिणीनं वाटणी मागावी. दोन्ही शोरूम आणि मागची मोकळी जागा धरून माझा हिस्सा किती होतो, तेवढं सांगा."

अण्णा हसले नाहीत. त्यांची सख्खी बहीण वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला तयार नव्हती, हे सगळ्या विट्याला माहीत होतं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

"मॅडम," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "पगाराचं काय म्हणत होता तुम्ही?"

पुढच्या महिन्यापासून मला लेंगऱ्यांइतका पगार मिळू लागला. त्या दिवाळीत भाऊबीजेची साडी काही आली नाही. मग मीच बाजारात जाऊन दोन घेतल्या. एक अण्णांच्या बहिणीला पाठवून दिली.