खिशातले दाणे

प्रविणने खुंटीवरच्या निळ्या शर्टाच्या खिशात हात घातला तो बाबांच्या औषधाची चिठ्ठी शोधायला. चिठ्ठी सापडली नाही. बोटांना मिठाचे चार दाणे लागले.

शर्ट त्याच्याच कंपनीतला, जुना झाल्यावर बाबांना दिलेला. पेणजवळच्या खाडीकाठी खिशात मीठ आलं कुठून, हे कुणाला विचारावं लागत नाही. प्रविण दाणे मुठीत घेऊन बाहेर आला.

बाबा, म्हणजे रघू, ओटीवर पाय पसरून बसले होते. मधुमेहाने दोन्ही तळपाय बधिर. मागच्या हंगामात मिठागरात पायाला कापलं, तर दोन दिवस त्यांना पत्ताच नव्हता. शेवटी अंगठा काढावा लागला. पुन्हा आगरात उतरलात तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"बाबा, आगरात जाता तुम्ही?"

"नाय."

"खरं सांगा."

"नाय म्हनून सांगितलं ना? तू मला तुझ्या डोल्यांनी आगरात बघ. त्या दिवशी कोलंबीवाल्याच्या कागदावर सही करतो."

तो कागद महिनाभर प्रविणच्या बॅगेत पडून होता. कोळंबीच्या तळ्यासाठी एकाला त्यांचं आगर हवं होतं. ते देऊन टाकायचं आणि आईबाबांना रोह्याजवळ वरसेला, आपल्या फ्लॅटवर न्यायचं, असं प्रविणने ठरवलं होतं. बाबांचं पाऊल वाचवायचा त्याला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

आईने, इंदुबाईने, ताटं वाढली. आमटी इतकी तिखट की प्रविणच्या नाकातून पाणी आलं. आईचंही वय झालं, त्याने मनात म्हटलं. ती आपली निवांत जेवत होती. तिचं सगळंच सावकाश. दुधाला विरजण लावलं की त्या भांड्याजवळून ती कुणाला धावतही जाऊ देत नसे.

"आई, तू तरी सांग. बाबा आगरात जातात?"

"त्यांनी सांगितलं ना तुला?" आई म्हणाली आणि भेगाळल्या बोटांना खोबरेल चोळत आत गेली.

प्रविणने चारही दाणे गोळीच्या रिकाम्या पाकिटात घातले. दुसऱ्या पाकिटात बरणीतलं मागच्या वर्षीचं चिमूटभर मीठही घेतलं. तो रोह्याच्या एका औषध कंपनीत केमिस्ट होता. दिवसभर स्फटिक वाढवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हीच त्याची नोकरी. आता घरच्या चोरीचा तपासही तिथेच होणार होता.

सोमवारी त्याने खिशातला दाणा काचेवर ठेवला आणि क्षणभर चोरीबिरी विसरला. दाणा पायऱ्यापायऱ्यांचा होता, मध्ये पोकळ. कुणीतरी बसून इवलीशी पुष्करणी कोरावी तसा.

"हे मीठ आहे?" शेजारची मृणाली डोकावली. ती लॅबमध्ये नवीन होती. "मिठाचे तर नुसते चौकोन असतात ना?"

"पाणी अगदी शांत असलं की दाणा वर तरंगतो आणि कडेकडेने वाढत जातो. मीठ ओढायची फळी लवकर फिरवली की मोडतो. त्याचा चुरा होतो."

मग त्याने बरणीतलं मीठ लावलं. नुसता चुरा. ते बाबांच्या हातचं होतं. बाबांना धीर कधीच नव्हता. वाफ्यात जरा पांढरं दिसलं की यांची फळी फिरलीच. व्यापारी दरवर्षी नावं ठेवायचे.

"दोन्ही एकाच आगरातलं?" मृणालीने विचारलं. "मग हात तर वेगळा वाटतो."

"म्हातारपणी माणूस मंदावतो," प्रविण म्हणाला. मृणालीला ते पटलेलं दिसलं नाही, पण ती नवीन होती.

दुपारी त्याने घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मागे काहीतरी तडतडत होतं.

"कुठं आहात बाबा?"

"घरातच."

"हा आवाज कसला?"

"फोन जुना झालाय. ठेवतो, करपेल."

"काय करपेल?"

फोन बंद झाला होता. उन्हात पाय करपणार, दुसरं काय, प्रविण चरफडला. बुधवारी त्याने शिफ्ट बदलून घेतली, बॅगेत कागद आहे ना ते पाहिलं आणि बाईक काढली. वडखळ गाठेपर्यंत तो बाबांना काय काय बोलायचं ते मनात घोकत होता. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती.

खाडीच्या बांधावर कुणीतरी डोक्यावर पाटी घेऊन समोरून आलं. अंगात ढगळा चौकड्यांचा शर्ट, तोंडाला फडकं. बोलल्यावर कळलं, शेजारच्या आगरातली सगुणाकाकू. लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवलेला, उन्हासाठी.

"कामाच्या दिवशी इकडं कसा रं?"

"काकू, आमच्या आगरात कुणी आहे?"

सगुणाकाकूने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बॅगेकडे. "जा, बघ," ती म्हणाली. "सावकाश जा पन."

पुढच्या वळणावर त्याला तो दिसला. निळा शर्ट. पाठमोरा, कमरेपर्यंत बांधाआड, डोक्याला फडकं, खांद्यावर फळी. फळी फिरत नव्हती. शर्ट नुसताच वाफ्यातल्या पाण्याकडे बघत उभा होता. पाण्यावर पांढरी साय धरली होती.

प्रविणच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सांगून, इतकं समजावून, शेवटी हेच. त्याने बॅगेतून कागद काढला.

"बाबा!" तो ओरडला. "पाऊल गेलं तर काय कराल?"

निळा शर्ट सावकाश वळला.

"वरडू नको रं," आई म्हणाली. "दाना धरतोय."