ओळख पटली नाही

दौंडच्या रेल्वे वसाहतीत कोळशाची इंजिनं जाऊन विजेची आली, पण किसन आणि याकोबचं भांडण तेच राहिलं.

"स्वतः पारखल्याबिगर मानायचं न्हाई, ही बुद्धाची शिकवण," बौद्ध किसन म्हणायचा.

"बघून तर बैलबी मानतो. न बघता मानणं, त्यो विश्वास," ख्रिस्ती याकोब डिवचायचा.

किसनचा पोरगा आठवडाभर बेपत्ता होता. पोलिसांनी एक मयत ओळखायला बोलावलं. शवागाराच्या दारातच किसन थांबला.

"याकोबा, तूच बघ. तू म्हणशील ते मानतो."

याकोबनं चादर वर करून बराच वेळ बघितलं.

"न्हाई रं. आपला न्हाई."

किसन न बघताच घरी गेला.

त्या बेवारशाच्या मातीला याकोब एकटाच उभा राहिला. चाळीस वर्षं भांडताना कानावर पडलेलं बौद्धांचं त्रिशरण त्यानं आठवेल तसं म्हटलं.